जांघेतील गाठ आणि निदानाची कसोटी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील बाराव्या अध्यायात वृद्धी, उपदंश आणि श्लीपद या तीन विकारांचे विवेचन एकत्र आले आहे, आणि त्यांपैकी वृद्धीचे, म्हणजे वृषणकोशाच्या सुजेचे, वात, पित्त, कफ, रक्त, मेद, मूत्र व अंत्र या कारणांवरून सात प्रकार सांगितले आहेत. अंत्रवृद्धी प्रथम वंक्षणसंधीत, म्हणजे जांघेत, गाठीच्या रूपाने राहते, दाबली असता वर जाते, सोडली असता पुन्हा फुगते, आणि उपेक्षा केल्यास कालांतराने वृषणकोशात उतरते, हेही तेथे नमूद आहे. त्या काळच्या शारीरकल्पना आज जशाच्या तशा स्वीकारता येणार नाहीत. तथापि बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या सुजेच्या मुळाशी कोठे पाणी, कोठे रक्त, तर कोठे खाली उतरलेले आतडे असू शकते, आणि म्हणून उपचाराला हात घालण्यापूर्वी तिचा प्रकार निश्चित केला पाहिजे, ही त्या ग्रंथकाराची दृष्टी आजच्या शल्यविशारदालाही शिरोधार्य वाटावी अशीच आहे. सात प्रकारांची ती यादी मधल्या काळात पुष्कळ लांबली. आणि जसजशी ती लांबत गेली, तसतसे निदानाचे काम सुलभ होण्याऐवजी अधिक जबाबदारीचे होत गेले.

या लांबलेल्या यादीचे कारण त्या स्थानाच्या रचनेतच आहे. जांघ ही धड आणि पाय यांच्या सरहद्दीवरची जागा आहे, आणि सरहद्दीवरील नाक्याप्रमाणे दोन्ही मुलखांची सारी रहदारी येथून चालते: पायाला रक्त पुरवणारी मोठी धमनी येथूनच खाली उतरते, पायाचे अशुद्ध रक्त घेऊन येणारी शीर येथूनच पोटात शिरते, लसिकावाहिन्या येथील ग्रंथींत येऊन मिळतात, पाठीच्या कण्यापासून निघालेला एक जाड स्नायू येथून पुढे मांडीच्या हाडाला जडतो, आणि पुरुषाच्या देहात वृषणाकडे जाणारी रज्जू पोटाच्या भिंतीतील सुमारे चार सेंटिमीटर लांबीच्या एका तिरक्या नळीतून येथेच बाहेर पडते. यांपैकी प्रत्येक रचनेला स्वतःचे विकार आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे बाह्य रूप एकच, ते म्हणजे गाठ. त्यामुळे जांघेत जे दिसते त्याचा उगम पुष्कळदा अन्यत्र असतो, आणि त्या उगमापर्यंत पोहोचणे हेच निदानाचे खरे मर्म होय.

यांतील सर्वांत सामान्य कारण म्हणजे अंतर्गळ, ज्याला आता सर्वत्र हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतीतून होणाऱ्या एकंदर अंतर्गळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जांघेतील असतात. गर्भावस्थेत वृषण पोटात तयार होऊन जन्माच्या सुमारास ज्या वाटेने खाली उतरतो, ती वाट पुरुषाच्या देहात जन्मभर थोडी दुर्बल राहते. खोकला, मलावरोध, लघवीस जोर करावा लागणे, जड ओझी उचलणे यांमुळे पोटातील दाब वाढला की आतड्याचा एखादा वेढा किंवा चरबीचा पदर त्या वाटेने बाहेर डोकावतो. उभे राहिल्यावर गाठ यावी, निजल्यावर ती जावी, खोकल्याबरोबर बोटाला धक्का जाणवावा, ही त्याची परिचित लक्षणे होत. परंतु याच्याच शेजारी, मांडीच्या शिरेलगतच्या एका अरुंद छिद्रातून उतरणारा दुसरा एक अंतर्गळ आहे. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आकाराने लहान असतो, आणि छिद्राच्या कडा ताठ असल्यामुळे त्यात सापडलेले आतडे आवळले जाण्याचा धोका फार मोठा असतो. वयस्क स्त्रीला ओकाऱ्या होऊ लागल्या, पोट फुगले, आणि संकोचामुळे तिची तपासणी लुगड्याच्या काठापाशीच थांबली, तर जांघेतील ती छोटीशी गाठ कोणाच्या हाती लागत नाही. पचनाचे औषध दिले जाते, आणि आतड्याचा तो भाग मृत होईपर्यंत अमूल्य वेळ हातचा निघून जातो. पोट तपासताना दोन्ही जांघा उघड्या करून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मानू नये, हा वैद्यकशिक्षणातील जुना दंडक अशाच अनुभवांतून आला आहे.

अंतर्गळाचे निदान झाले तरी आत काय आहे हा प्रश्न उरतोच, आणि त्याची काही उत्तरे वैद्यकाच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरली आहेत. १७३१ मध्ये फ्रेंच शल्यवैद्य गारेंजो याने मांडीच्या बाजूच्या अंतर्गळात चक्क आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सापडल्याचे वर्णन केले. पुढे चारच वर्षांनी, १७३५ च्या डिसेंबरात, लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमियांड यांच्यापुढे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला अंतर्गळ होता, आणि मांडीजवळील एका व्रणातून मळ झिरपत असे. शस्त्रक्रिया करताना अमियांड यांना अंतर्गळाच्या पिशवीत आंत्रपुच्छ आढळले. मुलाने कधी तरी गिळलेली टाचणी त्याला भोक पाडून बाहेर आली होती, आणि तिच्याभोवती खड्याचे कवच जमले होते. भूल देण्याची विद्या अजून शंभराहून अधिक वर्षे दूर असताना सुमारे अर्धा तास चाललेल्या त्या शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छ काढून टाकण्यात आले आणि मुलगा बचावला. आंत्रपुच्छ काढण्याची ही पहिली यशस्वी नोंद होय, आणि असल्या अंतर्गळाला आजही अमियांड यांचेच नाव आहे. याच प्रकारे कधी मूत्राशयाचा एक कोपरा, तर तान्ह्या मुलीच्या बाबतीत कधी बीजकोश त्या पिशवीत उतरलेला सापडतो. रिख्टर या जर्मन शल्यवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तर आतड्याच्या भिंतीची केवळ एकच बाजू चिमटीत सापडते. मार्ग पूर्ण बंद होत नाही, शौचाला होत राहते, आणि त्यामुळे सारे ठीक आहे अशी समजूत होऊन आतला भाग मात्र सडत जातो.

दुसरा मोठा वर्ग लसिकाग्रंथींचा. पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अनवाणी चालणाऱ्यांच्या जांघेत तर लहान, मऊ, न दुखणाऱ्या ग्रंथी निरोगी अवस्थेतही हाताला लागतात. या ग्रंथींकडे पाय, ढुंगण, बेंबीखालची पोटाची त्वचा, बाह्य जननेंद्रिय आणि गुदद्वाराचा खालचा भाग अशा विस्तृत प्रदेशातील लस येते, आणि म्हणून गाठ जांघेत दिसली तरी शोध त्या साऱ्या प्रदेशात घ्यावा लागतो. सावळ्या वर्णाच्या लोकांत त्वचेचा काळा कर्करोग तळपायावर किंवा नखाखाली होण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते; तेथील काळा डाग रोग्याने चिखलाचा किंवा मुका मार लागल्याचा समजून सोडून दिलेला असतो, आणि पहिली तक्रार होते ती जांघेतील कठीण गाठीची. मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावलेला गुदद्वाराचा कर्करोगही असाच जांघेतून प्रथम प्रकट होतो. याच्या उलट वृषणाचा कर्करोग सहसा जांघेत येत नाही. कारण वृषण मूळचा पोटातला असल्यामुळे त्याची लस पोटातल्या महाधमनीजवळच्या ग्रंथींकडे जाते. लैंगिक संसर्गातून येणाऱ्या एका विकारात जननेंद्रियावरचा बारीक व्रण काही दिवसांत आपोआप भरून येतो, रोग्याच्या तो स्मरणातही राहत नाही, आणि मागाहून जांघेत बद, म्हणजे ग्रंथींची सूज, येते; अशा वेळी रोग्याने खरी हकिगत सांगितली नाही, तर निदान भलत्याच वाटेला लागते. क्षय, आणि लसिकाग्रंथींचा स्वतःचा कर्करोग, ही दोन कारणेही या वर्गात सदैव ध्यानात ठेवावी लागतात.

महाराष्ट्राच्या स्मृतीत जांघेतील गाठीला एक भयंकर अर्थ एके काळी चिकटला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे रोगी पाहताना मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ती साथ ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, असल्याचे ओळखले. प्लेगची पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून पहिली गाठ पुष्कळदा जांघेतच उठत असे. निदान इतक्या लवकर झाल्यामुळे धोक्याची सूचना मिळाली खरी. परंतु पुढे रोग्यांचा शोध घेण्यासाठी जी घरझडती आणि अंगतपासणी सरकारी हुकमाने सुरू झाली, तिच्यात स्त्रीपुरुषांच्या लज्जेची जी अवहेलना झाली, तिचा परिणाम असा की लोक गाठी दाखवण्याऐवजी लपवू लागले. रोग्याच्या प्रतिष्ठेचा भंग करून घेतलेली तपासणी अखेर निदानाच्याच मुळावर येते, हा त्या वर्षांचा धडा आजच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात स्मरणात ठेवण्याजोगा आहे. प्लेगची ती दहशत आता उरलेली नाही. पण हत्तीरोग मात्र विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दीर्घकाळ ठाण मांडून राहिला. डासावाटे देहात शिरलेले त्याचे जंतू लसिकावाहिन्यांत राहतात, त्यामुळे त्या फुगून जांघेत मऊ गाठी येतात व अंडवृद्धी होते, आणि त्या भागातील डॉक्टरला अंतर्गळ व अंडवृद्धी यांचा भेद दररोज करावा लागतो.

परंतु परीक्षकाची खरी कसोटी लागते ती दुरून प्रवास करून आलेल्या गाठींच्या बाबतीत. पाठीच्या कण्याला क्षय झाला की मणक्याजवळ जमलेला पू वर सांगितलेल्या जाड स्नायूच्या आवरणातून हळूहळू खाली घसरत जातो, आणि कित्येक आठवड्यांनी मांडीच्या वरच्या टोकाशी गाठीच्या रूपाने प्रकट होतो. तिला लाली नाही, ऊब नाही, फारशी वेदना नाही. म्हणूनच तिला शीत विद्रधी म्हणतात. खोकल्याबरोबर तिच्यातही धक्का जाणवतो, निजल्यावर ती लहानही होते, आणि त्यामुळे तिला अंतर्गळ समजण्याचा मोह साहजिक आहे. मात्र पाठ दुखते का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन घटले का, एवढे तीन प्रश्न विचारले आणि पाठीवरून हात फिरवला, तर कण्यावरचा एक उंचवटा सारे रहस्य उकलून देतो. कण्याच्या या विकाराचे वर्णन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले. क्षयाने अजून पाठ न सोडलेल्या आपल्या देशात ते जुने झालेले नाही.

रक्तवाहिन्यांच्या गाठी याहून फसव्या आणि अधिक धोक्याच्या. पायाच्या फुगलेल्या शिरांचा रोग असलेल्या माणसाच्या जांघेत, वरवरची मोठी शीर खोल शिरेला मिळते तेथे, एक मऊ, निळसर फुगवटा तयार होतो. तोही निजल्यावर नाहीसा होतो, त्यालाही खोकल्याचा धक्का असतो. हृदयाची अँजिओग्राफी मांडीच्या धमनीतून केल्यानंतर त्या छिद्रातून झिरपलेल्या रक्ताची एक पिशवी बनू शकते, आणि ती नाडीबरोबर उडते. तिच्याभोवती दाह झाला आणि ती गळू समजून कोणी चिरा दिला, तर रक्ताचा जो लोट उसळतो तो प्राणघातक ठरू शकतो. जांघेतील कोणत्याही गाठीवर शस्त्र ठेवण्यापूर्वी बोटाने तिचे स्पंदन पाहावे, हा नियम म्हणूनच अनुल्लंघनीय मानला आहे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी काही दुर्मीळ कारणे आहेत, आणि ती दुर्मीळ आहेत म्हणूनच विसरली जातात. गर्भाशयाला आधार देणारा एक बंध जांघेतून बाहेर येतो. त्याच्याबरोबर आलेल्या उदरावरणाचा पदर जन्मानंतर बंद झाला नाही तर त्यात पाणी साठून गाठ होते. त्याच बंधावर कधी गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले रुजतात, आणि मग मासिक पाळीच्या दिवसांत गाठ सुजते, ठणकते, पाळी ओसरली की शांत होते. रोगिणीने हा क्रम सांगितला तर निदान जवळजवळ तिच्या शब्दांतच असते. पण पाळीचा आणि जांघेच्या गाठीचा संबंध असेल अशी कल्पना तिलाही नसते, आणि विचारणारालाही अनेकदा सुचत नाही. त्याहून नाजूक प्रसंग म्हणजे लहान मुलीच्या दोन्ही जांघांत अंतर्गळ असणे. अशा मुलींपैकी फार थोड्यांच्या बाबतीत आत बीजकोश नसून वृषण आढळतात. गुणसूत्रे पुरुषाची, परंतु पुरुषी संप्रेरकाला देह प्रतिसाद देत नसल्यामुळे बाह्य रूप संपूर्ण स्त्रीचे, अशी ही जन्मजात अवस्था असते. ही वार्ता आईबापांना कोणत्या शब्दांत आणि किती धीराने सांगितली जाते, यावर त्या मुलीच्या पुढील आयुष्याचे पुष्कळसे स्वास्थ्य अवलंबून असते. मुलग्यांच्या बाबतीत जांघेतली गाठ पाहताना वृषणकोश रिकामा तर नाही ना, हे प्रथम पाहावे. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांचा वृषण जन्मतः खाली उतरलेला नसतो. त्यांपैकी पुष्कळांचा पहिल्या काही महिन्यांत उतरतो, आणि ज्यांचा उतरत नाही त्यांची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या वयापर्यंत होणे इष्ट असते, कारण वर राहिलेल्या वृषणात पुढे वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

इतक्या संभवांतून एक निवडायचा कसा? या बाबतीत यंत्रांचा क्रम शेवटी येतो. गाठ केव्हापासून आहे, येते-जाते की कायम आहे, दुखते का, पाळीशी, तापाशी, प्रवासाशी किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेशी तिचा काही संबंध आहे का, याची सावकाश चौकशी प्रथम. नंतर रोग्याला उभे करून आणि निजवून, दोन्ही स्थितींत तपासणी. जघनास्थीवरचा एक लहान उंचवटा बोटाने शोधून गाठ त्याच्या वर व आतल्या बाजूला आहे की खाली व बाहेरच्या बाजूला, यावरून अंतर्गळाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. तथापि स्थूल देहात ही खूण सापडणे कठीण असते, आणि अनुभवी हातही येथे चुकतात. गाठीतून प्रकाश आरपार गेला तर आत पाणी असावे असा सामान्य नियम. परंतु तान्ह्या मुलाच्या पातळ आतड्यातूनही प्रकाश जातो. यानंतर पाठ, पोट, गुदद्वार, जननेंद्रिय आणि तळपाय यांची तपासणी व्हावी. एवढे झाल्यावर सोनोग्राफी बहुतेक शंकांचा निकाल लावते, रक्तवाहिनीचा संशय असल्यास डॉप्लर, खोलातील विकारासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय, आणि ग्रंथीचा संशय असल्यास सुईने घेतलेला नमुना किंवा पुरी ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, असा क्रम आहे. मात्र यंत्राला काय विचारायचे हे ठाऊक नसेल तर त्याचे उत्तरही दिशाभूल करते: सोनोग्राफीत लहानसा अंतर्गळ दिसला म्हणजे जांघेतील वेदना त्याचीच, असे ठरत नाही, ती वेदना झिजलेल्या खुब्याचीही असू शकते, आणि अंतर्गळाची शस्त्रक्रिया होऊनही ती तशीच राहते.

वैद्यकाच्या या साऱ्या तयारीला एकच गोष्ट निष्फळ करू शकते, आणि ती म्हणजे रोग्याचा विलंब. गाठीवर बिब्बा घालणे, डाग देणे, तेलाने चोळून ती आत ढकलणे, किंवा पट्टा बांधून वर्षे काढणे, हे उपाय आजही कित्येक घरांत चालतात, आणि त्यांच्यापायी त्वचा भाजते, आतड्याला इजा होते, कर्करोगाला वाढण्यास मुदत मिळते. म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती अशी की जांघेत नवी गाठ आढळली आणि दोन-तीन आठवड्यांत ती गेली नाही, किंवा ती कठीण असेल, वाढत असेल, तिच्याबरोबर ताप वा वजनातली घट असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी. मुलाच्या जांघेतली गाठ तर एवढेही न थांबता दाखवावी. आत जाणारी गाठ एकाएकी जाईनाशी झाली, ताठ व वेदनामय झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर तो तासांचा प्रश्न आहे; उजाडण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. स्त्रियांनी स्त्री डॉक्टरची किंवा सोबतीला परिचारिकेची मागणी निःसंकोच करावी, आणि ती पुरी करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना अशी काही गाठ आहे का, हे आपणहून विचारण्याची जबाबदारी मुलीसुनांनी घ्यावी. कारण या गाठींपैकी बहुसंख्य वेळेवर दाखवल्या तर बऱ्या होणाऱ्या आहेत.